पत्रे उडाले, पुढे काय?

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वळिवाच्या पावसावर महाविद्यालयीन मासिकांत दरवर्षी एखादी तरी कविता असतेच. तापलेली माती, पहिले टपोरे थेंब, मातीचा वास. कवितेबद्दल आमची तक्रार नाही. परंतु बेळगावच्या ज्या भागात प्रस्तुत लेखक राहतो, त्या वडगाव-खासबागेकडच्या विणकर गल्ल्यांत वळीव आधी वाऱ्याच्या रूपाने येतो. तो येऊन गेल्यावर गल्लीला वास येतो तो भिजलेल्या गाद्यांचा आणि ओल्या सुताचा. या वाऱ्यानंतरच्या आठ-पंधरा दिवसांत काय होते, कोणाचे नुकसान भरून निघते व कोणाचे निघत नाही, आणि त्यात आपण विद्यार्थी काही करू शकतो की नाही, एवढ्याच प्रश्नांपुरता हा लेख आहे.

प्रथम वाऱ्याबद्दल थोडे. समुद्रावरून येणाऱ्या चक्रीवादळाला नाव असते. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले ते ‘निसर्ग’. मे २०२१ मध्ये गोव्याला झोडपून पुढे गुजरातेत गेले ते ‘तौक्ते’. त्यांची वाट उपग्रहावरून दिसते, दोन-तीन दिवस आधी इशारा मिळतो, मंत्री पाहणीला येतात. आमच्या वळिवाच्या वाऱ्याला नाव नसते. दुपारभर उकडते, चारच्या सुमारास ढग भरतात, ढगातला पाऊस खाली पडताना भोवतालची हवा थंड व जड करतो आणि ती हवा एखादी भरलेली घागर ओतावी तशी जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. पंधरा-वीस मिनिटांचा कारभार. हवामान खाते अशा वादळांचा इशारा आता दोन-तीन तास आधी देते हे खरे. पण त्या वेळी विणकर मागावर असतो, बायका कांड्या भरत असतात, आणि भ्रमणध्वनीवर आलेला इशारा वाचून छपराचे काही करता येईल एवढा अवधी कोणालाच नसतो.

गेल्या उन्हाळ्यात असाच वारा आमच्या गल्लीतून गेला. एका रांगेतल्या पाच खोल्यांवरचे पत्रे निघून समोरच्या घरांवर आणि तारांवर पडले. कोपऱ्यावरचा गुलमोहर मुळासकट आडवा झाला व त्याखाली एक रिक्षा आणि दोन स्कूटर सापडल्या. विजेचा एक खांब वाकला. जीव कोणाचा गेला नाही. त्यामुळे बातमी चार ओळींत आटोपली. वीज मात्र तीन दिवसांनी आली.

पत्रे का उडतात, याचे उत्तर गल्लीत विचारले तर “वाराच तसला होता” एवढेच मिळते. वारा जबर असतो यात शंका नाही. परंतु त्याचे गणित साधे आहे व ते सर्वांना ठाऊक असायला हवे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे १७ किलो वजनाइतका जोर लावतो. ताशी १२० किलोमीटर वेगाला हाच जोर सुमारे ६८ किलो होतो. दहा फुटी एक पत्रा साधारण तीन चौरस मीटरचा असतो, म्हणजे त्या एका पत्र्यावर दोनशे किलोंचा जोर आला. पत्र्याचे स्वतःचे वजन दहा-पंधरा किलो. शिवाय वारा छपरावरून जाताना पत्र्याला दाबत नाही, वर ओढतो. आणि उघड्या खिडकी-दारातून आत शिरलेला वारा त्याच वेळी खालून वर ढकलतो. छपराच्या कडा आणि कोपरे येथे ही ओढ सर्वांत जास्त असते.

आता आपल्याकडे पत्रे बसवतात कसे ते पाहा. आडव्या वाशांना हुकांनी पत्रा अडकवायचा असतो. त्या हुकांची संख्या पैसे वाचवण्यासाठी निम्म्यावर आणली जाते, चार पावसाळ्यांत ते गंजतात, आणि मग पत्रा हलू नये म्हणून वर दगड, जुने टायर, सिमेंटची फुटकी चौकट असे काहीबाही ठेवले जाते. दोनशे किलोंच्या ओढीपुढे पंधरा किलोंचा दगड काय टिकणार? उलट पत्रा सुटला की तोच दगड घरात पडतो. आमच्या गल्लीत ज्या घरात माणूस जखमी झाला, तो वरून आलेल्या दगडाने झाला.

पूर्वी या घरांवर मंगळुरी कौले होती. त्या कौलांचा धंदा बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली सुरू केला आणि पुढे शंभर वर्षे कोकणापासून देशापर्यंत सर्वत्र तीच कौले चढली. वाऱ्याने कौले सरकतात, दहा-वीस फुटतात. शेजाऱ्याच्या अंगणात रचून ठेवलेली जुनी कौले मागून आणली की दुसऱ्या दिवशी छप्पर शाकारून होते. पत्र्याचे तसे नाही. तो गेला की संपूर्ण खोली उघडी पडते आणि वाकलेला पत्रा भंगाराच्या भावाने विकावा लागतो. कौलांकडे परत चला असे आमचे म्हणणे नाही, कारण कौलांना लागणारे लाकूड आता परवडत नाही. पण पत्रा वापरायचा तर हुक पुरे मारा, कडेच्या ओळीला दुप्पट मारा, गंजलेले हुक चैत्रात बदला. या कामाला वाडा बांधण्याइतका खर्च येत नाही.

दुसरा आरोपी झाड. वारा थांबल्यावर दुसऱ्याच दिवशी गल्लीत करवती निघाल्या. पडलेला गुलमोहर तोडून झाला, मग उभी असलेली दोन झाडेही “उद्या पडतील” म्हणून तोडावीत असा ठराव कट्ट्यावर झाला. गुलमोहर हा मूळचा मादागास्करचा. त्याची मुळे उथळ पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते, हे खरे. पण आमचा गुलमोहर पडला तेव्हा त्याच्या मुळांची अवस्था ज्यांनी पाहिली त्यांना वेगळाच प्रकार दिसला. गटाराच्या बाजूची मुळे सरळ रेषेत कापलेली होती. उरलेल्या तिन्ही बाजूंनी बुंध्यापर्यंत काँक्रीट आणून भिडवले होते. आणि तारांना लागतात म्हणून एकाच अंगाच्या फांद्या दरवर्षी छाटल्यामुळे सगळा भार दुसऱ्या अंगाला गेला होता. एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला धक्का दिला तर तो पडणारच. दोष त्याच्या उंचीला देऊन कसे चालेल?

झाड धोक्याचे असेल तर ते काढायलाच हवे. कर्नाटकात १९७६ सालचा वृक्ष संरक्षण कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करून परवानगी घेता येते. पण भीतीच्या भरात चांगली झाडे पाडली, तर पुढच्या वैशाखात तापलेल्या पत्र्याखाली दुपार कशी काढायची, याचा विचार करवत हाती घेणाऱ्याने करावा. आमच्या गल्लीत एका झाडाचा जीव एका आजींनी वाचवला. त्या खुर्ची टाकून झाडाखाली बसल्या आणि म्हणाल्या, “आधी मला उठवा.” त्यांना कोणी उठवले नाही.

आता नुकसानाच्या हिशेबाकडे वळू, कारण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तेच काय ते कळते. वादळानंतर एक वाक्य हमखास ऐकू येते: “पत्रेवाल्याची दिवाळी झाली, धंद्याला चालना मिळाली.” फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ बास्तियाने १८५० साली एका निबंधात हा भ्रम खोडून काढला आहे. खिडकीची काच फुटली की काच बसवणाऱ्याला काम मिळते हे दिसते. त्याच पैशांतून घरमालक जोडा किंवा पुस्तक घेणार होता, ते मात्र दिसत नाही. आमच्या गल्लीत न दिसणाऱ्या वस्तूंची यादी करता येईल. एका घरातील मुलीची संगणक-वर्गाची फी पत्र्यात गेली. एका घरातील डोळ्यांचे ऑपरेशन दिवाळीनंतर ढकलले. पत्र्याच्या दुकानात गर्दी दिसली, पण डॉक्टरच्या दवाखान्यात न गेलेला माणूस कोण मोजणार?

यंत्रमागाचा हिशेब आणखी निराळा आहे. बहुतेक घरांत सूत व्यापाऱ्याचे असते आणि विणकराला साडीमागे मजुरी मिळते. वीज नसली की माग बंद, माग बंद की मजुरी बंद. तीन दिवस अंधार म्हणजे तीन दिवस चूल कशी पेटवायची हा प्रश्न. त्यात छप्पर गेलेल्या घरात ताणा भिजला, अर्धी विणलेली साडी डागाळली. सूत व्यापाऱ्याचे असले तरी डागाची वजावट विणकराच्या मजुरीतून होते. म्हणजे माल दुसऱ्याचा, वारा देवाचा आणि तोटा कामगाराचा. ही वजावट गल्लीत भांडणाशिवाय होते, कारण भांडला तर पुढचा ताणा मिळणार नाही हे त्याला माहीत असते.

सरकार मदत करत नाही काय? करते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली प्रत्येक राज्यात आपत्ती प्रतिसाद निधी आहे आणि मदतीचे दर केंद्र सरकार ठरवून देते. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या दरांप्रमाणे सपाट प्रदेशातील घर पूर्ण पडल्यास १,२०,००० रुपये, आणि पक्क्या घराचे निदान १५ टक्के नुकसान झाल्यास ६,५०० रुपये. कच्च्या घराला ४,००० रुपये. एका खोलीवर दहा पत्रे धरले तर त्यांचे बिलच या ६,५०० च्या पुढे जाते. वासे, हुक, मजुरी वेगळी. तरीही ही रक्कम लहान नाही. भिशी मोडावी लागणार की नाही, हे त्या रकमेवर ठरते.

परंतु ही रक्कम हाती येईपर्यंत तीन अडथळे आहेत आणि त्यांबद्दल आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.

पहिला अडथळा यादीचा. केंद्राच्या यादीत बारा आपत्ती आहेत. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, गारपीट, ढगफुटी वगैरे. वळिवाचा सोसाट्याचा वारा त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. राज्याला निधीचा १० टक्के भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतो, पण त्यासाठी ती आपत्ती राज्याने आधी तशी ठरवावी लागते. तेव्हा अर्जात काय लिहिले आहे याला महत्त्व येते. वाऱ्याने पत्रे गेले आणि पाठोपाठच्या पावसाने घर भिजले, या दोन्ही गोष्टी घडलेल्या असताना माणूस अर्जात फक्त “वाऱ्याने पत्रे उडाले” एवढेच लिहितो. जे झाले ते पूर्ण लिहिणे यात लबाडी नाही. पण पूर्ण लिहायचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

दुसरा अडथळा मालकीचा. पंचनामा घराचा होतो आणि घर उताऱ्यावर ज्याचे नाव त्याचे. ज्या पाच खोल्यांचे छप्पर गेले त्यांतल्या चारांत भाडेकरू राहतात. त्यांच्यापैकी दोघांनी चार वर्षांपूर्वी पत्रे स्वतःच्या पैशांनी घातले होते, कारण मालक दुसऱ्या गावी असतो आणि भाडे वाढवणार नाही या बोलीवर दुरुस्ती भाडेकरूने करायची असा तोंडी करार होता. त्या कराराला कागद नाही. पंचनाम्याच्या वेळी एका मावशींनी मला विचारले, “घर माझं न्हवं. मग अर्ज कुणाच्या नावानं घालायचा बाळा?” या प्रश्नाचे उत्तर दोन वर्षे वाणिज्य शिकूनही सहज देता येत नाही. छपराची मदत मालकाच्या खात्यावर जाईल. भिजलेली गादी, धान्याचा डबा, मुलांची पुस्तके आणि मागावरचा ताणा भाडेकरूचा, त्याची नोंद पंचनाम्यात झाली तरच पुढे काही आशा. त्यातही मदतीच्या नियमांत हातमाग कारागिरांच्या साधनांसाठी आणि कच्च्या मालासाठी तरतूद आहे, ती हातमागाच्या नावाने आहे. घरात दोन यंत्रमाग चालवून पोट भरणारा विणकर त्या कलमात बसत नाही आणि कारखानदार म्हणूनही त्याला कोणी ओळखत नाही.

तिसरा अडथळा भाषेचा. हा विषय आपल्या गावात नाजूक आहे याची जाणीव ठेवूनच लिहितो. कचेरीतील कामकाज कन्नडमध्ये चालते. आमच्या गल्लीत निम्मी घरे कन्नड, निम्मी मराठी. बोलायला अडचण कोणालाच येत नाही. बाजारात, मागावर, लग्नात दोन्ही भाषा चालतात. अडचण येते ती कागदावर. पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्याने एका आजींना सरळ विचारले, “एष्टु नष्ट आगेद?” म्हणजे नुकसान किती झाले? आजींनी मराठी कानाने ‘नष्ट’ ऐकले आणि म्हणाल्या, “नष्ट काय झालं नाही, सगळं नुसतं भिजलंय.” कर्मचाऱ्याने प्रामाणिकपणे लिहून घेतले: नुकसान नाही. आत दोन पोती तांदूळ भिजून फुगले होते. कन्नडमध्ये ‘नष्ट’ म्हणजे तोटा आणि मराठीत ‘नष्ट’ म्हणजे मुळातून गेलेले, एवढ्या एका फरकापायी आजींचे नाव यादीतून गेले असते. शेजारच्या कन्नड घरातील अक्कांनी मध्ये पडून ते दुरुस्त करून घेतले.

दोन्ही भाषांत शिकताना एक गंमत कळते. अर्ज आणि अर्जी, कचेरी आणि कचेरी, पंचनामा आणि पंचनामे, उतारा आणि उतार, तहसीलदार आणि तहशीलदार. सरकारी कागदावरचे अर्धे शब्द दोन्ही भाषांनी एकाच पेठेतून आणलेले आहेत. भरपाईला कन्नडमध्ये ‘परिहार’ म्हणतात, आणि आपण तोच शब्द श्रमपरिहारात वापरतो. भाड्याला ते ‘बाडिगे’ म्हणतात. एवढी जवळीक असताना मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाचा अर्ज केवळ लिपीपायी टेबलावर पडून राहावा, ही गोष्ट दोन्ही बाजूंना शोभणारी नाही.

येथे काही मित्र विचारतील, अर्ज कन्नडमध्ये का म्हणून द्यायचा? भारतीय संविधानाच्या ३५० व्या कलमाप्रमाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत प्रत्येक माणसाला आपले गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क आहे. हे म्हणणे बरोबर आहे आणि हा हक्क कोणीही सोडू नये. पण ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याला आज संध्याकाळच्या पावसाआधी पत्रा हवा असतो. त्याचा अर्ज तत्त्वाच्या लढाईत पुढे उभा करणे सोपे आहे, कारण भिजणारा आपण नसतो. म्हणून आमचे मत असे की अर्ज मराठीत द्यावा व त्याच अर्जाची कन्नड प्रत सोबत जोडावी. हक्क शाबूत राहतो आणि काम अडत नाही. हे ज्याला पटत नाही त्याने आपल्या गल्लीतील एका घराचा अर्ज स्वतः शेवटपर्यंत नेऊन पाहावा, मग चर्चा करू.

आता विम्याबद्दल. आपल्या अभ्यासक्रमात विम्यावर धडा आहे, त्यातील सरासरी कलमाचे गणित परीक्षेत हमखास येते. दोन लाखांचा माल, विमा एक लाखाचा, नुकसान चाळीस हजारांचे. मग कंपनी देणार किती? उत्तर वीस हजार. हे गणित आपण पाच मिनिटांत सोडवतो आणि पाच गुण घेतो. पण आपल्या स्वतःच्या घराचा विमा आहे का, हे वर्गात विचारले तेव्हा पंचावन्नपैकी दोन हात वर झाले.

१ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही घराची पॉलिसी एकाच नमुन्यात द्यावी लागते. वादळाने झालेले नुकसान तीत धरलेले आहे. घराच्या पॉलिसीत विम्याची रक्कम कमी पडली म्हणून सरासरी कलम लावले जात नाही, हा तिचा मोठा फायदा. भाडेकरूला इमारत सोडून फक्त घरातील सामानाचा विमा घेता येतो, हे तर फारच थोड्यांना माहीत आहे. घरात माग असेल तर तो व्यवसाय झाला. त्याला लहान उद्योगांसाठी त्याच दिवसापासून सुरू झालेली वेगळी पॉलिसी आहे. गाड्यांचेही तसेच. गुलमोहराखाली सापडलेल्या दोन स्कूटरपैकी एकीचा विमा फक्त तिऱ्हाईत व्यक्तीपुरता होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तेवढाच सक्तीचा असल्याने तेवढाच काढलेला. झाड पडून स्वतःची गाडी मोडली तर त्यातून दमडी मिळत नाही. दुसऱ्या स्कूटरचा पूर्ण विमा होता, तिचा मालक पंधरा दिवसांत पुन्हा कामावर जाऊ लागला. दोघांच्या हप्त्यांतील फरक ऐकला तेव्हा पहिल्याने कपाळाला हात लावला.

विमा हा सर्व दुखण्यांवरचा उपाय नव्हे. ज्या घरात आठवड्याची मजुरी आठवड्याला संपते, त्या घराला वर्षाचा हप्ता एकदम भरणे जड जाते. मात्र त्याच घरातून दरमहा भिशीचे पैसे न चुकता जातात. आमच्या गल्लीत वादळाच्या महिन्यात भिशीच्या चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत. बायकांनी एकमताने ती रक्कम ज्यांचे छप्पर गेले त्या मावशींना दिली. विम्याचे मूळ तत्त्व काय ते या बायकांना कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. तेव्हा भिशीच्या रकमेतूनच सर्व घरांचे हप्ते वर्षातून एकदा भरावेत, असे सुचवले तर ते ऐकून घेतील अशी आमची खात्री आहे. सुचवायला कोणी जायला मात्र हवे.

“हे सारे सरकारचे काम आहे, विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा,” असे काही वडीलधारे म्हणतील. खांब उभा करणे, मदत वेळेवर देणे, गटार खोदताना झाडाची मुळे सांभाळणे ही कामे सरकारची आणि नगरपालिकेचीच आहेत व ती मागून घेतली पाहिजेत. पण मागायची कशी, कोणत्या कागदावर, कोणत्या शब्दांत, हे सांगणारा माणूस गल्लीत लागतो. त्याला पगार नाही, टेबल नाही. हे काम आपण करू शकतो. आपल्या महाविद्यालयात दोन्ही भाषा उत्तम लिहिणारी मुले-मुली आहेत, आणि याच मासिकाचे दोन विभाग एकाच पुठ्ठ्यात बांधले जातात. एरवी कन्नड विभागातील लेख मराठी विद्यार्थी चाळत नाही व मराठी विभाग कन्नड विद्यार्थी उलटून टाकतो, ही वस्तुस्थिती आहे.

म्हणून संपादक मंडळाला आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्राध्यापकांना काही सूचना कराव्याशा वाटतात. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्या शिबिरांत आपण रस्ते झाडतो, रोपे लावतो. त्याबरोबर मार्च महिन्यात एक रविवार जवळच्या दोन-तीन गल्ल्यांतील छपरांचे हुक तपासण्यासाठी द्यावा. छपरावर चढण्याची गरज नाही. आतून पाहिले तरी कोणता वासा मोकळा आहे हे दिसते. वादळ झाल्यास सात दिवस संध्याकाळी दोन तास अर्ज लिहून देण्याचे टेबल मांडावे, त्यावर एक मराठी व एक कन्नड विद्यार्थी जोडीने बसावा. पुढील अंकात दोन्ही भाषांतील नमुना अर्ज समोरासमोरच्या पानांवर छापावा. त्या अर्जासोबत पुढील गोष्टी ठळक अक्षरांत असाव्यात: आवराआवर करण्यापूर्वी फोटो काढा, उडालेले पत्रे मोजून लिहा, भिजलेल्या धान्याचे वजन लिहा, वीज बिलावरील आर. आर. नंबर, शिधापत्रिका व पासबुक यांच्या प्रती जोडा, भाडेकरू असाल तर तसे स्पष्ट लिहा, आणि दिलेल्या अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. भाडेकराराचा साधा नमुनाही छापता आला तर उत्तम. तोंडी बोलीवर पत्रे घालणाऱ्या माणसाला निदान पुढच्या खेपेला हातात कागद राहील.

या सूचनांना खर्च फारसा नाही. कागद, पेन, आणि दोन तास. आमच्या वर्गातील चार मराठी व तीन कन्नड मित्रांनी होकार दिला आहे. गेल्या उन्हाळ्यात गल्लीतून एकूण नऊ अर्ज दोन्ही भाषांत लिहून गेले. त्यांतील पाच मंजूर झाले, दोन अपुरे कागद म्हणून परत आले आणि दोन हा लेख लिहीपर्यंत तसेच आहेत. त्या दोनांत मावशींचा अर्ज आहे. तिच्या खोलीवर सध्या निळी ताडपत्री आहे, आणि तिला हुक नाहीत, दोरी आहे. पुढचा वळीव यायला फार महिने उरलेले नाहीत. ज्यांना या कामात यायचे असेल, त्यांनी वाणिज्य विभागाच्या सूचनाफलकाखाली नाव लिहावे. कन्नडमध्ये लिहिले तरी चालेल.